कॅथलिक उपासनेंतील हस्तमुद्रा : त्यांचा काल व त्यांचा अर्थ

१

जुनी पोथी, चित्र किंवा मूर्ति हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिजवरील लेख वाचतो. नंतर लिपि, कागद, शाई, पेहराव यांकडे वळतो. हिंदु, बौद्ध व जैन मूर्तींच्या बाबतींत याच्या जोडीला हातहि पाहण्याची रीत आहे. अभय, वरद, भूमिस्पर्श, धर्मचक्र या मुद्रांवरून मूर्तीची ओळख पटविणें हा मूर्तिशास्त्राचा आरंभींचाच पाठ होय. परंतु ख्रिस्ती वस्तूंच्या बाबतींत हा पाठ आपण बहुधा विसरतों. गोवें १५१० त पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेलें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. या दोन्ही मुलखांत कॅथलिक उपासना रुजली, आणि तिजबरोबर मिस्सेचे ग्रंथ, काष्ठमूर्ति, हस्तिदंती प्रतिमा व वेदीवरील चित्रें यांचा मोठा संचय झाला. या वस्तूंतील हात काय करीत आहेत, उपासनेंत तसें करण्याची रीत केव्हांपासूनची आहे, आणि तिचा अर्थ कोणीं व केव्हां सांगितला, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय होत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मुद्रेचें वय व मुद्रेच्या अर्थाचें वय हीं दोन निरनिराळीं आहेत. मुद्रा बहुधा आधींची असते. कित्येकदां ती ख्रिस्ती धर्माच्याहि बाहेरून आलेली असते. अर्थ तिला मागाहून चिकटतो, आणि एकाच मुद्रेला एकामागून एक असे अनेक अर्थ चिकटतात. अर्थावरून मुद्रेचा काल काढणें म्हणजे टीकेवरून मूळ ग्रंथाचा काल काढण्यासारखें आहे. हा भेद न पाळल्यास वस्तूचा काल चुकतो. इतकेंच नव्हे, तर खुद्द रोमच्या धर्मपीठासहि या भेदापायीं एका महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल पांच शतकांनंतर फिरवून द्यावा लागला. त्याचें विवेचन पुढें येईल.

२

या विषयाचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार विधिग्रंथांचा. आपल्या पोथ्यांत समाप्तिवाक्यें किंवा श्लोकांक हिंगुळानें लिहितात, त्याप्रमाणें लॅटिन मिस्सा-ग्रंथांत प्रार्थनेचा मजकूर काळ्या शाईनें व कृतीच्या सूचना तांबड्या शाईनें लिहीत. जुन्या ग्रंथांत या तांबड्या सूचना फार त्रोटक असत. हात कसे धरावे हें शिष्य गुरूच्या हातांकडे पाहून शिके. पोपच्या दरबारचा विधिप्रमुख योहान बुर्खार्ट यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस या सूचना सविस्तर लिहून काढल्या. त्याच्या ग्रंथाची १५०२ ची आवृत्ति प्रसिद्ध आहे. पुढें पांचव्या पायसनें १५७० त जो मिस्सा-ग्रंथ जारी केला, त्यांतील कृतिविषयक नियम बव्हंशीं बुर्खार्टच्याच ग्रंथावर आधारलेले आहेत. ज्या स्थानिक परंपरा दोनशें वर्षांहून जुन्या होत्या त्या वगळून बाकी सर्व लॅटिन जगावर हा ग्रंथ बंधनकारक झाला. म्हणून १५७० हें साल या विषयांत मैलाच्या दगडाप्रमाणें मानावें. ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर स्टीफन्स १५७९ त गोव्यास आला, तो या ग्रंथाच्या अंमलाच्या काळांत.

दुसरा प्रकार अर्थ सांगणाऱ्या ग्रंथांचा. मेत्सचा आमालारियस हा नवव्या शतकांतला. मिस्सेंतील प्रत्येक हालचालीला ख्रिस्तचरित्रांतील एकेक प्रसंग जोडण्याची पद्धति त्यानें वाढविली. ती सर्वांस रुचली नाहीं. ८३८ त किएर्झी येथें भरलेल्या धर्मसभेनें त्याचीं मतें दूषित ठरविलीं. परंतु पद्धति टिकली. तिचा सर्वांत मोठा संग्रह म्हणजे बिशप गिल्येल्मुस दुरांदुस याचा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील उपासनाविषयक ग्रंथ. युरोपांतील मुद्रणकलेच्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांत त्याची गणना होते. १४५९ त तो माइन्त्स येथें छापला गेला. एवढ्या लवकर छापला जाण्याजोगी त्यास मागणी होती, यावरून त्यांतील अर्थ किती दूर पसरले असतील याची कल्पना यावी.

तिसरा प्रकार चित्रांचा व मूर्तींचा. विधिग्रंथ काय करावें तें सांगतो, चित्र काय डोळ्यांपुढें होतें तें सांगतें. दोहोंचा मेळ बसेल तेथें निर्णय सोपा. न बसेल तेथें अधिक सावधपणें पाहिलें पाहिजे.

३

प्रार्थनेचे हात प्रथम घेऊं. आज ख्रिस्ती प्रार्थना म्हटली कीं जोडलेले हात डोळ्यांपुढें येतात. प्राचीन ख्रिस्ती मनुष्य असे हात जोडीत नसे. तो उभा राहून दोन्ही बाहू बाजूंस पसरी व तळवे वर करी. रोममधील प्रिस्किल्लेच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकांतील अशी ऊर्ध्वबाहु स्त्री भिंतीवर रंगविलेली आहे. ही मुद्रा ख्रिस्त्यांनीं नवी काढलेली नव्हे. व्हर्जिलच्या महाकाव्यांतील नायक संकटांत दोन्ही तळवे आकाशाकडे पसरतो. यहुदी धर्मग्रंथांत मोशेचे वर केलेले हात खालीं पडूं नयेत म्हणून दोघे जण दोन बाजूंनीं त्यांस आधार देतात. मुद्रा सर्वांची होती. अर्थ मात्र ख्रिस्त्यांनीं आपला घातला. इ. स. २०० च्या सुमारास आफ्रिकेंतील तर्तुलियन लिहितो कीं, आपण हात केवळ वर करीत नाहीं, प्रभूच्या क्रूसावरील वेदनेप्रमाणें ते पसरतों. त्याच निबंधांत पुढें तो हात फार उंच न करतां नम्रपणें उचलावे असेंहि सांगतो. १५७० च्या नियमांत धर्मगुरूचे हात छातीपुढें पसरलेले, तळवे एकमेकांसमोर, आणि बोटांचीं टोंकें खांद्यांच्या उंचीच्या व रुंदीच्या बाहेर न जाणारीं असावीं असें आहे. प्राचीन मुद्रा अशी आंखडत आंखडत वेदीपुढील एका माणसापुरती उरली. सामान्य भाविकाच्या हातून ती गेली.

तिच्या जागीं जोडलेले हात कोठून आले? फ्रँक व जर्मन समाजांत आश्रित मनुष्य धन्यापुढें गुडघे टेकून आपले जोडलेले हात त्याच्या दोन हातांच्या मध्यें देई. तेणेंकरून तो त्याचा माणूस होई. बव्हेरियाचा ड्यूक तासिलो यानें ७५७ त पेपिन राजापुढें अशा प्रकारें हात दिल्याची नोंद फ्रँक राजवार्षिकांत आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत गुडघे टेकून हात जोडण्याची ही रीत प्रार्थनेंत सर्वत्र रूढ झाली. तिचें मूळ सरंजामी निष्ठाविधींत असावें असें मत युंगमान व लाडनर यांसारख्या पंडितांनीं मांडलें आहे. आमच्या मतें या मताचा उत्तम पुरावा खुद्द दीक्षाविधींत जिवंत आहे. नवा धर्मगुरू आजहि आपले जोडलेले हात बिशपच्या हातांत देऊन आदराचें व आज्ञाधारकपणाचें वचन देतो. निष्ठाविधीचा आकार येथें जसाच्या तसा राहिला आहे. फक्त धनी बदलला.

हा पालट एका दिवसांत झाला नाहीं. ११९७ त वारलेला पॅरिसचा पेत्रुस कांतोर प्रार्थनेच्या सात शरीरस्थिति वर्णितो. उभें राहून हात डोक्यावर नेणें, क्रूसाप्रमाणें बाहू पसरणें, साष्टांग पडणें या सर्व त्यांत आहेत. त्याच्या या ग्रंथाच्या कांहीं हस्तलिखितांत त्या स्थितींचीं चित्रेंहि काढलेलीं आहेत. संत दोमिनिकच्या प्रार्थनेचे नऊ प्रकार सांगणारी तेराव्या शतकांतील लहान कृति अशीच सचित्र मिळते. तिची एक प्रसिद्ध प्रत व्हॅटिकन ग्रंथालयांत आहे. हात कसे धरावे हें चित्र काढून शिकवावें लागलें, ही गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं ध्यानांत घ्यावी. जें सर्वांस सवयीचें असतें त्याचें चित्र शिकविण्याकरितां कोणी काढीत नाहीं.

येथें आपल्याकडील वाचकाच्या मनांत नमस्काराचा अंजलि उभा राहणें स्वाभाविक आहे. आकार एकच असला तरी वंश एक ठरत नाहीं. लॅटिन अंजलि हिंदुस्थानांतून गेला असें मानण्यास आधार नाहीं, आणि गोव्यांतील अंजलि सर्वस्वी लॅटिनच असें म्हणण्याचीहि घाई करूं नये. गोव्यांतील कारागिरानें हात जोडलेली मारियेची मूर्ति घडविली तेव्हां त्याच्यापुढें युरोपीय नमुना होता. पण ती पाहणाऱ्याच्या अंगीं नमस्कार पिढ्यान्‌पिढ्यांचा मुरलेला होता. दोन वंश एका आकारांत मिळाले असें येथें म्हणणें अधिक रास्त होईल.

४

क्रूसाची खूण ही कॅथलिक मुद्रांपैकीं सर्वांत परिचित. तीहि पूर्वीं आजच्यासारखी नव्हती. तर्तुलियनच्या काळीं ख्रिस्ती मनुष्य घरांतून निघतांना व परततांना, कपडे घालतांना, स्नानास जातांना, भोजनास बसतांना, दिवे लावतांना कपाळावर लहानशी खूण करी. ती बोटानें किंवा अंगठ्यानें होत असे. शुभवर्तमान वाचण्यापूर्वीं कपाळ, ओंठ व छाती यांवर अंगठ्यानें तीन लहान क्रूस काढतात, त्यांत ही जुनी रीत टिकून आहे. कपाळापासून छातीपर्यंत व एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाणारी मोठी खूण पुढील काळांतली.

या मोठ्या खुणेविषयीं तिसऱ्या इनोसंटचा पुरावा फार मोलाचा आहे. पोप होण्यापूर्वीं, म्हणजे ११९८ च्या आधीं, लिहिलेल्या मिस्साविषयक ग्रंथांत तो सांगतो कीं, खूण तीन बोटांनीं, वरून खालीं व उजवीकडून डावीकडे करावी. ख्रिस्त स्वर्गांतून पृथ्वीवर उतरला व यहुद्यांकडून इतर राष्ट्रांकडे गेला, हें त्याचें कारण. परंतु तोच पुढें म्हणतो कीं, कांहीं लोक डावीकडून उजवीकडे हात नेतात. कारण दुःखाकडून वैभवाकडे जावयाचें असतें. पुढें लॅटिन जगांत ही दुसरी दिशाच रूढ झाली. ग्रीक जगांत पहिली राहिली. दोन उलट दिशांना दोन्ही अर्थ सारखेच शोभले. अर्थांतून दिशा निघाली असती तर असें झालें नसतें. दिशा आधीं होती, अर्थ तिच्या पाठोपाठ आला, हें येथें उघड दिसतें.

अर्थ मागाहून आला म्हणून तो हलका असतो असें मात्र नव्हे. कॅथलिक कक्षेबाहेरचें एक उदाहरण देतों. रशियांत पॅट्रिआर्क निकोन यानें १६५३ त दोन बोटांऐवजीं तीन बोटांनीं क्रूस काढण्याचा हुकूम केला. दोन बोटांत ख्रिस्ताचीं दोन स्वरूपें पाहणाऱ्या जुन्या मताच्या लोकांनीं तो मानला नाहीं. त्यांचा पुढारी अव्वाकुम यास १६८२ त जिवंत जाळण्यांत आलें. बोटांच्या मांडणीवर माणसें प्राण देतात तेव्हां तिचा अर्थ त्यांच्यापुरता पूर्ण खरा झालेला असतो. इतिहासकारानें त्या अर्थाचा काल सांगावा. त्याची थट्टा करूं नये.

५

मूर्तिसंग्राहकांस सर्वांत अधिक भेटणारा हात आशीर्वादाचा. अंगठा, तर्जनी व मध्यमा सरळ, अनामिका व करंगळी मिटलेली, असा हा हात. तीन बोटें म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा, आणि मिटलेलीं दोन म्हणजे ख्रिस्ताचें देवपण व मनुष्यपण, हा अर्थ सर्वतोमुखीं आहे. परंतु दुसऱ्या शतकांतील आपुलेयस आपल्या कादंबरींत एका बोलणाऱ्याचें वर्णन करतो, तेथें हाच हात आहे. खालचीं दोन बोटें मिटून बाकीचीं पुढें करणें ही वक्त्यांची लकब होती. क्विंतिलियननेंहि आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या अकराव्या भागांत वक्त्याच्या हातांचा सविस्तर विचार केला आहे. अर्थात् हा हात मुळांत आशीर्वादाचा नसून भाषणाचा होय. म्हणून प्राचीन चित्रांत ख्रिस्ताचा असा हात दिसला तर तो उपदेश करीत आहे असेंहि वाचावें. मारियेपुढें आलेल्या देवदूताचा उचललेला हात तिला आशीर्वाद देत नाहीं. तो निरोप सांगत आहे.

ग्रीक परंपरेंत हीच बोटें वांकवून येशू ख्रिस्त या नामांचीं ग्रीक आद्यंत अक्षरें दर्शवितात असें मानतात. त्यामुळें अनामिका व अंगठा यांची जुळणी दिसली तर नमुना पौर्वात्य असण्याचा संभव तपासावा.

गोव्याकडील हस्तिदंती बालख्रिस्त उजव्या हाताचीं बोटें उचलून व डाव्या हातीं पृथ्वीगोल घेऊन उभा असतो. तो जगदुद्धारकाचा युरोपीय नमुना होय. परंतु गोव्याच्याच प्रसिद्ध मेंढपाळ-मूर्तींत बालक डोळे मिटून, गालाला हात टेकून बसलेला असतो. त्या हाताला लॅटिन विधिग्रंथांत जागा नाहीं. त्यांत कित्येकांस बुद्धमूर्तींतील शांतीची छाया दिसली आहे. जुन्या गोव्यांतील ख्रिस्ती कलासंग्रहालयांत या परंपरेच्या वस्तु पाहावयास मिळतात.

६

आतां मिस्सेकडे वळूं. पवित्रीकरणानंतर धर्मगुरू दोन्ही हातांचा अंगठा व तर्जनी मिटून ठेवी व हात धुईपर्यंत सोडीत नसे. ही कृति पाहून गूढ अर्थाची कल्पना सहज सुचते. परंतु १२७४ त वारलेला थॉमस अक्विनास सरळ कारण देतो : बोटांस पवित्र भाकरीचा कण लागला असल्यास तो सांडूं नये. त्यानें हा खुलासा ज्या आक्षेपाच्या उत्तरांत केला आहे तो आक्षेपहि वाचनीय आहे. हात पसरणें, जोडणें, बोटें मिटणें हे हास्यास्पद हावभाव वाटतात, असें तो आक्षेप म्हणतो. म्हणजे तेराव्या शतकांतहि या मुद्रा सर्वांना स्वयंस्पष्ट नव्हत्या.

मोठ्या प्रार्थनेंत पवित्रीकरणानंतर लगेच एके ठिकाणीं धर्मगुरू पांच क्रूस काढी. पांच क्रूस म्हणजे ख्रिस्ताच्या पांच जखमा, असें भाष्यकार सांगत. परंतु मूळ लॅटिन वाक्य पाहिलें तर तेथें अर्पणाचीं नांवें ओळीनें पांच आहेत : शुद्ध बळी, पवित्र बळी, निष्कलंक बळी, भाकर आणि चषक. प्रत्येक नांवाला एक क्रूस. बोलतांना वस्तूकडे हात करावा तसा हा हात आहे, हें युंगमानचें मत आम्हांस पटतें. आधीं बोट दाखविणें होतें. पुढें त्यानें क्रूसाचा आकार घेतला. शेवटीं त्यांत जखमा दिसूं लागल्या.

भाकर उंच उचलून लोकांस दाखविण्याची रीत तर बरोबर कालनिश्चित करतां येते. ती १२०० च्या सुमारास पॅरिसकडे सुरू झाली. ११९६ ते १२०८ पर्यंत तेथें बिशप असलेल्या ओद द स्युली याच्या नांवावरील नियमांत, पवित्रीकरणाचे शब्द उच्चारल्यावरच भाकर सर्वांस दिसेल अशी उचलावी, असें आहे. त्यापूर्वींच लोक तिला वंदन करूं लागत, तें टाळणें हा हेतु. चषक उचलण्याची रीत हिच्या मागून सर्वत्र पसरली.

भाविकांच्या हातांचेंहि एक उदाहरण द्यावयास हवें. ऑगस्टिन एका प्रवचनांत सांगतो कीं, वाचनांत ‘कबूल करतों’ या अर्थाचा लॅटिन शब्द येतांच श्रोत्यांनीं छाती बडविली. वस्तुतः त्या ठिकाणीं त्या शब्दाचा अर्थ पापाची कबुली असा नसून देवाची स्तुति असा होता. शब्दाचा अर्थ कानांत उतरण्यापूर्वींच हात छातीवर गेला होता. मुद्रा अर्थाची वाट पाहत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

७

आरंभीं ज्या निकालाचा उल्लेख केला तो दीक्षेच्या हाताविषयींचा. डोक्यावर हात ठेवून अधिकार देणें ही रीत नव्या करारांतील प्रेषितांच्या कृत्यांत दोनदां स्पष्ट आढळते. प्राचीन दीक्षाविधींत हस्तस्थापना व प्रार्थना हींच मुख्य. पुढें पश्चिमेंत नव्या धर्मगुरूच्या हातीं चषक व ताटली देण्याचा उपविधि वाढला. देखावा ठसठशीत, म्हणून त्याचें महत्त्व वाढत गेलें. आणि १४३९ त फ्लॉरेन्स येथील सभेच्या आर्मेनियनांसाठीं काढलेल्या निर्णयपत्रांत, या वस्तु देणें हेंच दीक्षेचें द्रव्य, असें लिहिलें गेलें. परंतु ग्रीकांकडे हा उपविधि कधींच नव्हता, आणि त्यांची दीक्षा तर रोम खरी मानीत होतें. प्राचीन हस्तलिखितें छापून निघूं लागल्यावर लॅटिन विधींतहि तो मुळांत नव्हता हें दिसून आलें. मग दीक्षा नेमकी कोणत्या क्षणीं होते? हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. वस्तु हातीं देण्यांत चूक झाली तर तो मनुष्य धर्मगुरू झाला कीं नाहीं, त्यानें केलेली मिस्सा व दिलेली पापक्षमा खरी कीं खोटी, असा हजारों भाविकांचा प्रश्न त्यावर लोंबकळत होता. अखेर बाराव्या पायसनें ३० नोव्हेंबर १९४७ च्या आज्ञापत्रानें ठरविलें कीं, यापुढें हस्तस्थापना हेंच द्रव्य; वस्तु देणें आवश्यक नाहीं. हस्तलिखितांच्या अभ्यासानें जिवंत विधीचा निर्णय बदलावा, असें हें विरळ उदाहरण आहे.

८

यानंतरचे फेरफार थोडक्यांत सांगतों. ४ मे १९६७ च्या रोमच्या सूचनापत्रानें मोठ्या प्रार्थनेंतील क्रूस एकावर आणले आणि अंगठा व तर्जनी मिटून ठेवण्याची सक्ति काढली. सहाव्या पॉलचा नवा मिस्सा-ग्रंथ १९७० त निघाला. १९६९ त भाकर हातांत घेण्यास देशोदेशींच्या बिशपांच्या मागणीवरून परवानगी मिळूं लागली. ही नवी वाटणारी रीत वस्तुतः चौथ्या शतकांतली आहे, कारण जेरुसलेमच्या सिरिलच्या नांवावरील उपदेशांत डाव्या हाताचें सिंहासन करून त्यावर उजवा हात ठेवावा व तळवा खोलगट करावा असें सांगितलें आहे. जुन्या मिस्सेस २००७ त मोकळीक मिळाली व २०२१ त ती पुन्हा आंखडण्यांत आली. त्यामुळें १५७० चे हात मर्यादित ठिकाणीं अद्याप पाहावयास मिळतात.

एवढ्या विवेचनावरून संग्राहकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, जोडलेल्या हातांचा उपासक बाराव्या शतकापूर्वींच्या म्हणून सांगितलेल्या लॅटिन चित्रांत आढळला तर त्या कालनिर्णयाची पुन्हा तपासणी करावी. दुसरी, हस्तिदंती व काष्ठमूर्तींचीं बोटें सर्वांआधीं मोडतात व मागाहून बसविलीं जातात. म्हणून बोटांवर निर्णय बांधण्यापूर्वीं सांधा पाहावा. तिसरी, मिस्सा-ग्रंथाचें हस्तलिखित मिळाल्यास त्यांतील तांबड्या ओळी व शब्दांमध्यें घातलेले लहान क्रूस नक्कल करतांना गाळूं नयेत. काळ्या ओळी शेंकडों प्रतींत सारख्याच असतात. ती प्रत कोणत्या हातांनीं, कोणत्या काळीं व कोणत्या रीतीनें वापरली हें तांबड्या ओळींतूनच कळतें. गोवें व वसई येथील जुन्या घरांतून व देवळांतून अशीं पानें कोणाच्या पाहण्यांत आल्यास त्यांनीं त्यांतील या खुणांची अक्षरशः नोंद करून ठेवावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.